लाकडी जाळीतली नकली काच

नाताळच्या झाडाला टांगायचे तारे, घंटा, हिमकण स्क्रोल सॉवर (बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीवर) कापणारी हौशी मंडळी अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ आहेत. आपल्याकडे ज्यांनी कधी फ्रेटवर्क केलंय, त्यांना हा प्रकार लगेच कळेल. तीन मिलिमीटरची प्लाय घ्यायची, नक्षीच्या आत गिरमिटाने भोक पाडायचं, त्यातून बारीक पातं ओवायचं आणि रेषेरेषेने लाकूड फिरवत न्यायचं. आतला तुकडा गळून पडतो, मागे जाळी उरते. त्या जाळीच्या खिडक्यांत रंगीत, पारदर्शक द्रव भरून तो घट्ट होऊ दिला की दिव्यासमोर धरल्यावर थेट चर्चच्या तावदानाचा भास होतो. भरलेलं असतं ते फेविकॉलसारखा पांढरा गोंद, इपॉक्सी (रेझिन म्हणजे कृत्रिम राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर, असे दोन द्रव मिसळून होणारी) किंवा यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं). काचेचा कणही नाही. यातलं काय वापरायचं हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण खरा प्रश्न वेगळा आहे: तो द्रव घट्ट होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आधी अस्सल काचेकडे पाहू. मुंबईत राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयात अशा रंगीत काचा बघायला मिळतात. तिथला बराचसा रंग काचेवर फासलेला नाही, तो काचेच्या अंगातच आहे. भट्टीत काच वितळलेली असताना किंचित कोबाल्ट मिसळलं की गडद निळा येतो. कोबाल्टचं प्रमाण शेकडा एका भागाहूनही कमी असलं तरी पुरतं. सोन्याचे काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण काचेत विखुरले, तर ते हिरवा प्रकाश शोषतात आणि काच माणकासारखी लाल दिसते. असे रंगीत तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून चित्र जुळवतात. आपल्या लाकडी ताऱ्यात शिशाचं काम लाकूड करतं, म्हणून नक्षी आखतानाच एक पथ्य पाळावं लागतं. चित्रातला प्रत्येक लाकडी भाग कुठून तरी बाहेरच्या चौकटीला जोडलेला हवा. नाहीतर कापताकापता तोही गळून पडतो.

आता डोळा फसतो कसा? पारदर्शक पदार्थ काचेसारखा दिसणं बरंचसं त्याच्या अपवर्तनांकावर अवलंबून असतं, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो यावर. खिडकीच्या काचेचा हा अंक सुमारे १.५२, घट्ट झालेल्या इपॉक्सीचा १.५५ च्या आसपास, वाळलेल्या पांढऱ्या गोंदाचा १.४७ च्या घरात. तिन्हींच्या पृष्ठभागावरून समोरून येणारा प्रकाश चार टक्क्यांच्या आसपास परत फिरतो. तेव्हा चकाकीच्या बाबतीत ही नकली काच अस्सल काचेच्या अगदी जवळ असते. घोटाळा होतो तो रंगात.

पोस्टर कलर घातला की काम बिघडलंच म्हणून समजा. त्यात रंगद्रव्याचे न विरघळणारे कण असतात. ते प्रकाश सगळ्या दिशांना उधळतात आणि खिडकी अपारदर्शक होते. रंग विरघळणारा हवा. गोंदात पाण्यात विरघळणारा खाण्याचा रंग चालतो, पण तो उन्हात लवकर विटतो. इपॉक्सीत पाण्यातला रंग नीट मिसळत नाही, तिथे अल्कोहोलमधली शाई किंवा रेझिनसाठीच केलेला पारदर्शक रंग लागतो. प्रकाश उधळला गेला तर नेहमी वाईटच, असं मात्र नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची पातळ तावदानं बसवलेली दिसतात. त्यातून पलीकडचं दिसत नाही, पण खोलीत मऊ उजेड येतो आणि ऊनही डोळ्यांवर येत नाही. तसाच परिणाम हवा असेल तर रंगात चिमूटभर पांढरा मिसळावा. माझ्या मते ताऱ्यापेक्षा आकाशकंदिलाला तेच जास्त शोभतं, कारण आतला बल्ब झाकला जातो.

आता मूळ मुद्दा. पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. कण आणि पाणी यांचे अपवर्तनांक वेगळे, म्हणून प्रकाश विखुरतो आणि गोंद दुधाळ दिसतो. पाणी उडतं तसे कण एकमेकांना भिडतात, दबतात, एकजीव होतात. मधल्या सीमा पुसल्या जातात आणि दुधाळपणा आपोआप जातो. त्यासाठी कण जरा मऊ असावे लागतात. कडाक्याच्या थंडीत गॅरेजमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन हौशी कारागिराचा गोंद म्हणूनच कधीकधी खडूसारखा पांढरा, भुसभुशीत वाळतो. आपल्याकडे महाबळेश्वरची एखादी रात्र सोडली तर ती काळजी नको. आपली काळजी पावसाळ्याची: हा गोंद हवेतला ओलावा परत शोषतो, पुन्हा धुरकट होतो, हाताला चिकटतो.

शिवाय गोंदात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते गेलं की उरलेला थर मधे खचतो. द्रव लाकडाच्या कडेला वर चढून चिकटलेला असतो, त्यामुळे कडेला जाड आणि मधे पातळ अशी वाटी तयार होते. मग रंगाचं गणित सुरू होतं. एक मिलिमीटर जाडीतून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर दोन मिलिमीटरमधून पाव, तीनमधून आठवा हिस्सा. एकच लाल रंग मधे गुलाबी आणि कडेला डाळिंबी दिसतो. बरेच जण हा दोष मानून दुसरा-तिसरा थर देत बसतात. मला तो दोष वाटत नाही. तोंडाने फुंकून केलेल्या जुन्या काचेची जाडीही सारखी नसायची आणि तिचा बराचसा जिवंतपणा त्यातूनच येतो.

इपॉक्सीत काहीही उडून जात नाही. रेझिनमधली इपॉक्साइडची कडी, म्हणजे अणूंचं छोटं कडं, उघडते आणि हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाशी बांधली जाते. रेणूंचं जाळं विणलं जातं. आकसणं अगदी थोडं, म्हणून खिडकी काठोकाठ भरलेली राहते. पण प्रत्येक कडीला जोडीदार लागतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर तो बिनजोडीचा उरतो आणि तारा कायमचा चिकट राहतो. प्रमाण वजनाने सांगितलंय की मापाने, हे डबीवर वाचलंच पाहिजे, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. दमट हवेत आणखी एक भानगड होते. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणचट साय धरतो. दुसरा थर देण्याआधी ती कोमट पाण्याने पुसून काढायची, नाहीतर थर धरत नाही.

यूव्ही रेझिन दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होतं, पण त्याची एक गंमत आहे. ते घट्ट करणारा प्रकाश ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील ते जांभळा. पिवळा रंग पिवळा दिसतो तो निळा-जांभळा प्रकाश गिळतो म्हणूनच. त्यामुळे पिवळ्या आणि नारिंगी खिडक्या वरून टणक आणि आतून कच्च्या राहू शकतात. त्या पातळ थरांनी भराव्या आणि मागूनही दिवा दाखवावा. शिवाय हवेतला ऑक्सिजन वरच्या थराची प्रक्रिया अडवतो, म्हणून दिवा दाखवूनही पृष्ठभाग कधीकधी चिकट लागतो.

द्रव गळू नये म्हणून पाठीमागे पॅकिंगची टेप लावतात. रेझिन तिला फारसं धरत नाही, नंतर ती सहज निघते. मात्र लावताना प्रत्येक कड नखाने दाबून घ्यायची. कापलेल्या कडेवर लाकडाची छिद्रं उघडी असतात. त्यातली हवा रेझिनच्या उष्णतेने फुगते आणि बुडबुडे होऊन बाहेर येते. त्यामुळे कडा काचपेपरने घासून आधी पातळ रेझिनचा एक हात देऊन सुकवाव्या. सलग लाकडापेक्षा प्लाय बरी. लाकूड ओलाव्याने तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतं-आकसतं, रेझिन तसं हलत नाही, आणि एखाद्या उन्हाळ्यात दोघांत फट पडते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ही हालचाल बरीच दबते.

हार्डनर त्वचेला लागला तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. मागे दिवा लावायचा तर एलईडीच. हौशी कामातली बहुतेक इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि जुन्या तारेच्या बल्बजवळ तेवढं तापमान सहज होतं.