‘सोडायची आहे’ या उत्तरामागचा इतिहास

पणजीच्या फेरीधक्क्याजवळच्या गाड्यावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिले तरी ‘फाल्यां सावन सोडटलों’ (उद्यापासून सोडेन) हे वाक्य कानावर पडते. म्हणणारा त्याच वेळी दोरीला बांधलेला लायटर स्वतःकडे ओढत असतो. सिगरेट सोडण्याचा इरादा कशाने बनतो आणि कशाने ढळतो, यावर जगभर जे संशोधन झाले आहे, ते या एका वाक्याभोवतीच फिरते.

तंबाखू पोर्तुगीज जहाजांतून आली, हे वेगळे सांगायला नको. ब्राझीलच्या बाहियातली तंबाखू गोव्यात यायची आणि विक्रीची मक्तेदारी राजसत्तेची असायची, म्हणजे ओढणारा माणूस सरकारच्या लेखी महसूल होता. तो रोगी आहे किंवा त्याला सोडायची असेल, हा विचार फार उशिरा आला.

गोव्याने धूम्रपान आणि थुंकणे यांवर बंदी घालणारा कायदा १९९७ मध्ये केला. केंद्राचा कायदा २००३ चा, आणि सार्वजनिक ठिकाणच्या बंदीची कडक नियमावली लागू झाली २ ऑक्टोबर २००८ ला. गुटख्यावरही गोव्याने २००५ मध्ये, बहुतेक राज्यांच्या आधी, बंदी आणली. या आघाडीचे कौतुक व्हायलाच हवे. पण १९९७ च्या कायद्याचे नावच पाहा: धूर आणि थुंकी. दोन्ही त्रास शेजारच्याला. ओढणाऱ्याला मदत करावी, हा हेतू त्या नावात तरी दिसत नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय टोल-फ्री सेवा सुरू झाली २०१६ मध्ये, आणि तिचा क्रमांक पाकिटावर छापून येऊ लागला सप्टेंबर २०१८ पासून.

खरा गुंता आहे तो ‘इरादा’ या शब्दात. १९८३ मध्ये दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्वतःहून सिगरेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाचे टप्पे मांडले. पुढे त्या टप्प्यांना मुदती चिकटल्या. सहा महिन्यांत सोडेन म्हणणारा विचाराच्या टप्प्यावर, तीस दिवसांत सोडेन म्हणणारा तयारीच्या. मग एकोणतिसावा दिवस सांगणारा एका खणात आणि एकतिसावा सांगणारा दुसऱ्या खणात का, या आक्षेपाला मला पटेल असे उत्तर अजून वाचनात आलेले नाही.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सवय सोडण्याबद्दल चार पर्याय असतात: महिन्याभरात, वर्षभरात, कधीतरी पण वर्षभरात नाही, आणि रस नाही. २०१६-१७ च्या फेरीत देशातल्या ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांना सोडायची आहे, असे निघाले. बातम्यांत हा आकडा ‘निम्म्याहून अधिक सोडण्याच्या तयारीत’ असा झळकतो. पण त्यात ‘कधीतरी’वालेही आले. आमच्या गाड्यावरचा माणूससुद्धा त्यातच.

मराठीत तर हा एक शब्द तीन तोंडांनी बोलतो. ‘सोडावीशी वाटते’ ही नुसती इच्छा. ‘सोडायची आहे’ म्हणजे डोक्यावरचे काम, घराला रंग द्यायचा आहे तसे. ‘सोडणार आहे’ हा दिलेला शब्द. डॉक्टरसमोर दुसरे वाक्य निघते, बायकोसमोर तिसरे, आणि पहिले माणूस सहसा एकटा असताना म्हणतो. घरी येऊन प्रश्न विचारणाऱ्या अनोळखी माणसाला यातले कोणते मिळत असेल?

गोव्यात आणखी एक पेच आहे. लेंटचे, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस दारू-सिगरेटला न शिवणारे ख्रिस्ती आणि श्रावणात मासळीबरोबर सिगरेटही बंद ठेवणारे हिंदू आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतात. इस्टरला किंवा चवथ (गणेशचतुर्थी) उरकल्यावर पहिला झुरका ठरलेला. याला सोडण्याचा प्रयत्न म्हणायचे की नवस? प्रश्न किरकोळ नाही, कारण पूर्वी प्रयत्न केलेला माणूस पुन्हा सोडण्याचा इरादा बाळगण्याची शक्यता जास्त, हे अनेक देशांत दिसले आहे.

इराद्याला बळ देणारी बाकीची कारणे ओळखीची आहेत: तब्येतीची धास्ती, डॉक्टरने स्पष्ट शब्दांत सांगणे, किंमत, घरात ओढायची नाही असा नियम, आणि आपल्याला जमेल हा भरवसा. मात्र इरादा माणसाला प्रयत्नापर्यंत नेतो. प्रयत्न टिकतो की नाही ते ठरवते निकोटिनची पकड. ती मोजायचा साधा प्रश्न म्हणजे उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटते. पाच मिनिटांच्या आत पेटवणाऱ्याचा निश्चय कितीही खरा असला तरी त्याला नुसता उपदेश पुरत नाही.

२०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात गोव्यातले तंबाखूसेवन ९.७ टक्के निघाले, राज्यांमध्ये सर्वांत कमी. देशाचा आकडा २८.६. हे ९.७ मशेरी आणि खाण्याची तंबाखू धरून आहेत, म्हणजे ओढणारे त्याहून कमी. इतक्या थोड्यांच्या उत्तरांवरून गोव्याच्या इराद्याबद्दल छातीठोक बोलणे मला धाडसाचे वाटते. तरी आपल्याकडे ‘सर्वांत कमी’ एवढेच मिरवले जाते.

पाकिटावरचे चित्र २००९ मध्ये आले आणि १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. उद्योगाने विरोध केला, प्रकरण न्यायालयांत गेले, मोठे चित्र टिकले. इशारा पाहून सोडण्याचा विचार आल्याचे त्याच सर्वेक्षणात सिगरेट ओढणाऱ्या सुमारे ६२ टक्के लोकांनी सांगितले, विडीवाल्यांपैकी ५४ टक्क्यांनी. शेजारच्या महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, ती याच धाग्यातून. गाड्यावर एक सुटी मागितली की गाडेवाला पाकीट काउंटरखालीच उघडतो, एक काढून देतो आणि पाकीट परत ठेवतो. चित्र आणि क्रमांक त्याच्याकडेच राहतात.