कॅप फेऱ्यांचा ऑप्शन फॉर्म: नाशिकची मुलं नेमकी कुठे अडकतात

एमएचटी-सीईटीला बरे पर्सेंटाइल असूनही हातात काहीच न आलेली मुलं इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) वेळी दर वर्षी भेटतात. ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या कॉलेज-शाखांची यादी, उघडून पाहिली की पाच-सहाच नावं असतात, तीही सगळी पुण्याची आणि सगळी कॉम्प्युटरची. नोंदणी आणि कागदपत्रं अपलोड करणं सायबर कॅफेवालाही करून देतो. यादी मात्र घरी बसून करायची असते.

पात्रता सोपी आहे: बारावीला ठरलेल्या विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४०.

गेल्या वर्षीचा कटऑफ पाहताना सगळ्यात वरचा आकडा पाहू नका, आपला रकाना शोधा. 'जी ओपन एच' मधला एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्य पातळी. एल असेल तर जागा मुलींची. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे एकाच विद्यापीठात येतात, म्हणून पुण्याच्या कॉलेजांतही नाशिकच्या मुलाला एच लागतो. पण राहायला नाशिकला आणि बारावीचं कॉलेज धुळ्याचं असेल तर तो बाहेरचा धरला जातो. क्लाससाठी इकडे आलेल्या कितीतरी पालकांना हे फार उशिरा कळतं. टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) चॉइस कोड वेगळा असतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तोही स्वतंत्र भरा.

'वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचं जातं' हे खरं नाही. वाटप मेरिटनुसार होतं. खरा धोका आपोआप फ्रीज होण्याचा, म्हणजे मिळालेली जागा कायम धरली जाण्याचा आहे. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिले तीन आणि तिसरीत पहिले सहा यांपैकी काही मिळालं की ते घ्यावंच लागत होतं. त्यामुळे शेजाऱ्याने सुचवलं म्हणून कुठलंही नाव वर ढकलू नका. वर आवडीची, मग आपल्या पर्सेंटाइलच्या आसपासची भरपूर, आणि खाली के. के. वाघ, मविप्र किंवा इतर स्थानिक कॉलेजांतल्या अशा शाखा ठेवा, ज्यांचा कटऑफ आपल्यापेक्षा स्पष्ट खाली आहे आणि जिथे शिकायची खरंच तयारी आहे.

प्रवर्गाचा कागद नसेल तर ही सगळी यादी कोलमडते, कारण तुम्ही खुल्या गटात जाता. जात वैधता प्रमाणपत्र निकालानंतर मागायला गेलात तर उशीर ठरलेलाच. अकरावीतच अर्ज करा. नॉन-क्रिमीलेयरवरची 'पर्यंत वैध' ही तारीख वाचा: २०२५-२६ साठी ती ३१ मार्च २०२६ हवी होती. जुनं प्रमाणपत्र घरात आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांनाच पळापळ करावी लागते, आणि ऐन जूनमध्ये सेतूवरची गर्दी कुणालाही दया दाखवत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातच चालतं, केंद्राचं नको.

आणखी एक. लॉगिनमधून १,००० रुपये भरून सीट स्वीकारली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. फ्रीज केल्यावर दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन कॉलेजात जा आणि प्रवेश पक्का केल्याची पावती घेऊनच बाहेर पडा.