चेंडू कशाचा आहे?
अ‍ॅनिमेशन करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

जाहिरात असो, शाळेसाठीची चित्रफीत असो की दुकानाचं हलतं बोधचिन्ह, काम सुरू झालं की आम्ही तुम्हाला आधी एक छोटी चाचणी पाठवतो. तिच्यात रंग नसतो, पार्श्वभूमी नसते. एक करडा चेंडू टप्पे घेत जातो, इतकंच. ती बघून मंजुरी कशी द्यायची, ते या पत्रकात सांगतो.

आम्ही सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं धरतो. सव्वा मीटरवरून, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो. झाल्या १२ फ्रेम. पण पहिल्या सहा फ्रेममध्ये तो जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येतो आणि उरलेलं ९० सेंटिमीटरहून जास्त अंतर पुढच्या सहांत कापतो. सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर ठेवल्या, तर चेंडू पडत नाही. रहाटाला बांधलेल्या पोहऱ्यासारखा उतरतो. किती फ्रेम लागतात हे टायमिंग, त्या एकमेकींपासून किती लांब आहेत हे स्पेसिंग. अनेक सॉफ्टवेअर दोन ‘की फ्रेम’मधली, म्हणजे आम्ही ठरवून दिलेल्या दोन मुख्य चित्रांमधली हालचाल आपणहून भरताना दोन्ही टोकांना वेग कमी करतात, मग चेंडू जमिनीजवळ येऊन बिचकतो. तिथलं स्पेसिंग आम्ही हाताने लावतो.

आता वजन. टेनिसचा चेंडू आणि गोळाफेकीचा ७.२६ किलोचा गोळा एकाच उंचीवरून सोडा, या पहिल्या १२ फ्रेम जवळपास सारख्याच निघतात. फरक कळतो तो जमिनीला लागल्यावर. टेनिसच्या नियमांप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून कठीण, सपाट जागेवर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. त्या हिशेबाने आमचा चेंडू पहिल्या टप्प्यानंतर ९ फ्रेम वर जातो आणि ९ खाली येतो. मग ७-७, मग ५-५. लोखंडी गोळा जागच्या जागी हादरतो आणि घरंगळतो. म्हणून तुम्ही “जरा जड करा” म्हणालात, तर आम्ही पडण्याचा वेग वाढवत नाही, उसळी कमी करतो.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. त्यांतलं पहिलंच स्क्वॉश आणि स्ट्रेच: टेकताना चेंडू चपटा होतो, वेगात लांबट होतो. चपटा झाला की तितकाच रुंदही व्हायला हवा, नाहीतर आतली हवा गेल्यासारखा दिसतो. हा चपटेपणा आम्ही बहुधा एकच फ्रेम ठेवतो. दोन-तीन फ्रेम रेंगाळला की चेंडू चिखलात रुतल्यासारखा वाटतो. लहान मुलांच्या चित्रफितीत हे सगळं मोकळेपणाने वाढवता येतं, मात्र लोखंडी गोळ्याला ते अजिबात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे.

तेव्हा कामाबरोबर दोन गोष्टी कळवा: वस्तू कशाची आहे आणि खाली काय आहे, फरशी, माती की पाणी. बदल सांगायचे ते रंग भरण्याआधी सांगा. नंतर एकेक फ्रेम पुन्हा करावी लागते आणि खर्च तुमच्यावर पडतो.

चाचणी बघताना प्रत्येक टप्प्याला बोटाने टेबलावर ठेका द्या. चेंडू थांबेपर्यंत ठेका जलद होत गेला पाहिजे. जिथे बोट अडखळेल, तो सेकंद आम्हाला लिहून पाठवा.