सुईदोऱ्याची चंची शिवण्याआधी: तीन पांढऱ्या पट्ट्यांबद्दल

(चंचीचं किट नेणाऱ्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी)

किटच्या पाकिटात रंगीत चौकोनांच्या खाली तीन कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या असतात, दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब. दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, "ताई, या पट्ट्या कुठे लावायच्या?" काही जणींनी त्यांची नाडी केली, एकीने त्या खिशाच्या काठाला लावल्या. चंचीत या पट्ट्या कुठेच लागत नाहीत. माया, म्हणजे शिवणीच्या आत जाणारी कापडाची कड, तुमच्या हातून बरोबर जाते का ते तपासायला त्या दिलेल्या आहेत. चौकोनांना हात लावण्याआधी त्या शिवायच्या, मोजायच्या आणि मशीनच्या खणात ठेवून द्यायच्या. नौपाड्यातल्या आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या चंच्यांपैकी बहुतेक या पट्ट्या न शिवताच सुरू केलेल्या असतात. म्हणून हे पत्रक.

चंची म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. पानतंबाखूची, कप्प्याकप्प्यांची, घडी घालून नाडीने बांधायची कापडी पिशवी. घरातल्या मोठ्या माणसांच्या कमरेला ती असायची. पान गेलं, चंचीही गेली. तिचा घाट मात्र सुईदोऱ्यासाठी फार सोयीचा आहे. तिकडे ब्रिटिश सैनिकांच्या सामानातही अशीच एक गुंडाळी असे, सुया, बटणं आणि दोरा ठेवायला, आणि तिला ते 'हाउसवाइफ' म्हणत. आम्ही आपल्या चंचीचाच घाट घेतला. उघडली की ६ इंच रुंद आणि १६ इंच लांब, मिटली की ६ बाय ४. बाहेरून २४ चौकोनांची ठिगळजोड, आतून साध्या सुती कापडाचं अस्तर आणि त्यावर खिसे.

माया किती, हाच सगळा प्रश्न

किटमधला प्रत्येक चौकोन अडीच इंचांचा कापलेला आहे. चारी बाजूंनी पाव इंच माया गेली की वर दोन इंच दिसतो. ३ चौकोनांची एक ओळ, अशा ८ ओळी. सगळं जोडून झालं की तुकडा साडेसहा बाय साडेसोळा इंच भरला पाहिजे, कारण अस्तर आम्ही त्याच मापाचं कापून दिलेलं असतं.

आता मायेत एक सूत फरक पडला तर काय होतं ते बघा. पाव इंच म्हणजे दोन सूत. तुम्ही तीन सूत माया घेतलीत. एका शिवणीत दोन्हीकडचं मिळून पाव इंच कापड जास्त आत गेलं. ८ ओळी जोडायला ७ शिवणी लागतात. सात पाव म्हणजे पावणेदोन इंच. साडेसोळाचा तुकडा पावणेपंधरा भरतो आणि रुंदीतही अर्धा इंच जातो. उलट माया एक सूत कमी घेतलीत तर लांबी सव्वाअठरा होते. शिवताना डोळ्यांना काहीच चुकीचं दिसत नाही. टीप सरळ असते, कोपरे जुळलेले असतात. शेवटी अस्तर वर ठेवलं की कळतं.

आणि इथे खरी चूक होते. अस्तर मोठं दिसतं म्हणून कात्री घेऊन ते कापून जुळवलं जातं. कृपा करून अस्तर कापू नका. चंची चार घड्यांची आहे, प्रत्येक घडी चार इंचांची, म्हणजे बरोबर दोन चौकोनांची. घडी बाहेरून चौकोनांच्या शिवणीवर आणि आतून दोन खिशांच्या मधल्या जागेवर पडावी अशी ती बेतलेली आहे. बाहेरचा तुकडा आखडला की तिसऱ्या घडीपाशी आतल्या-बाहेरच्या रेषांत सव्वा इंचाहून जास्त अंतर पडतं. मग घडी खिशाच्या पोटातून जाते आणि बटणांच्या खिशाला जेमतेम सव्वादोन इंच उरतात.

गेल्या श्रावणात कळव्याहून एक काकू आल्या. किटचे चौकोन न वापरता त्यांनी आमच्या पुठ्ठ्याच्या फर्म्याने सासूबाईंच्या सुती इरकलीचे चौकोन कापले होते. हिरवं अंग आणि लालभडक काठ असे आलटून पालटून लावलेले, टीप तर इतकी बारीक की आम्हीही बघत राहिलो. पण चंची मिटतच नव्हती. कात्रीचं टोक घडीवर येऊन आतून एका हिरव्या चौकोनाला टोचत होतं आणि तिथला धागा विरायला लागला होता. आम्ही २३ शिवणी उसवल्या. जुनं कापड होतं, उसवताना चार चौकोनांच्या कडा फाटल्या. त्या बदलायला साडी उरलीच नव्हती, बाकीची आधीच बोहारणीला गेली होती. शेवटी ते चार चौकोन आमच्याकडच्या खणाचे घातले. काकू म्हणाल्या, "छान झालं." पण निघताना त्या हिरव्या चौकोनांवरूनच हात फिरवत होत्या.

पट्ट्या शिवायला दहा मिनिटं लागतात. २३ शिवणी उसवायला दीड तास.

शिवणकामात मुरलेल्यांना खास विनंती

ही चूक नवख्यांपेक्षा वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बायकांकडून जास्त होते, आणि त्याला कारण आहे. ब्लाऊजला आपण माया सोडतो ती पुढे अंग भरलं तर ढिला करता यावा म्हणून. तिथे माया जास्त असली तर बिघडत नाही, उलट शहाणपणच. हाताला तीच सवय असते आणि कापड आपोआप आत सरकतं. इथे मात्र मायाच माप ठरवते. जास्त माया म्हणजे लहान चंची, एवढं सोपं आहे.

"आमच्या आजीने गोधडी शिवताना कधी टेप हातात घेतला नाही," असंही आम्हाला सांगितलं जातं. बरोबरच आहे. गोधडीत खाली आख्खं लुगडं अंथरलेलं असतं. त्यावर तुकडे ठेवायचे, कडा आत दुमडायच्या आणि वरून धावदोरा घालत जायचं. माप खालच्या लुगड्याचं, तुकडा कमी पडला तर शेजारी दुसरा. ठिगळजोडीत खाली आधार नसतो, तुकडे एकमेकांनाच धरून उभे असतात. म्हणून इथे मोजावं लागतं. ज्यांना मोजमापाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आम्ही गोधडी पद्धतीचं किटही करतो. त्यात ६ बाय १६ चा पाया आखून दिलेला असतो आणि तुकडे हवे तसे लावता येतात. दिसायला ते वेगळं दिसतं, पण टिकाऊपणात काही कमी नाही. हातशिलाईवाल्यांना आम्ही तेच सुचवतो.

पट्ट्या अशा शिवा

तिन्ही पट्ट्या लांबीच्या बाजूने एकमेकींना जोडा, म्हणजे दोन शिवणी. माया तुम्ही चंचीत घेणार तशीच. शिवणी एका बाजूला पाडून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच दिसली पाहिजे आणि सगळा तुकडा साडेतीन इंचांचा चौकोन झाला पाहिजे. मधली पट्टी इंचाहून कमी भरली तर माया जास्त जाते आहे, इंचाहून मोठी दिसली तर कमी. हातात टेप नसेल तर किटमधली पुठ्ठ्याची पट्टी वापरा, तिच्यावर खूण केलेली आहे.

बहुतेकांची पट्टी पहिल्या वेळी किंचित कमी भरते. कारण शिवण एका बाजूला पाडताना घडीत धागाभर कापड जातं. म्हणून टीप पाव इंचाच्या रेषेवर न घालता रेषेच्या कणभर बाहेर, कापडाच्या कडेकडे घालावी.

कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या कडेवर विसंबू नका. नेहमीच्या पायाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही, जुन्या काळ्या मशीनवर तर नाहीच म्हणा. मोजपट्टी मशीनवर ठेवा, चाक हाताने फिरवून सुई पाव इंचाच्या रेषेवर टेकवा. मग मोजपट्टीच्या उजव्या कडेला लागून मेडिकलच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी तीन-चार थरांत लावा. कापड सरकवणाऱ्या दात्यांवर ती येऊ देऊ नका, दात्यांच्या पुढे लावा. कापडाची कड या उंचवट्याला टेकवत शिवलं की माया हलत नाही. हाताने शिवणाऱ्यांनी चौकोनाच्या उलट बाजूला पेन्सिलीने पाव इंचाची रेघ आखावी. धावदोरा घालताना दर चार-पाच टाक्यांनी एक टाका मागे घ्यावा.

एक जाता जाता: हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, मशीनच्या सुईचं नेमकं उलटं. किटमध्ये ९ नंबरची हातसुई आहे. मशीनला नेहमीच्या सुती कापडासाठी १४ ठीक आहे, कापड पातळ असेल तर ११ लावा.

ओळी शिवून झाल्या की एका ओळीच्या शिवणी डावीकडे पाडा, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. ओळी जोडताना शिवणीला शिवण अडकते आणि कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री उचलून ठेवा, ओढू नका. ओढली की चौकोन तिरके ताणले जातात आणि कमावलेलं माप जातं.

बाकीचं सोपं आहे. आधी खिसे अस्तरावर शिवा. बाहेरचा तुकडा आणि अस्तर सुलट बाजू आत घेऊन ठेवा, वर किटमधला मऊ सुती थर. नाडी मध्ये घालायला विसरू नका. तीन इंच जागा मोकळी सोडून चहूबाजूंनी टीप मारा, उलटून सुलट करा आणि उरलेली फट हेम घालून बंद करा.

किंमत आणि बकरमबद्दल

बाजारात अशी किटं आमच्यापेक्षा स्वस्त मिळतात, हे आम्हाला माहीत आहे. आमचं प्रत्येक कापड, अस्तरासकट, कापण्याआधी धुतलेलं असतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि प्रत्येक कापड सारखंच आटतं असं नाही. आधी न धुतलेल्या कापडाची चंची पहिल्या धुण्यातच ठिकठिकाणी फुगते. लाल आणि मरून कापडं आम्ही ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघतो. फडक्याला रंग लागला तर ते कापड किटमध्ये जात नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं पुष्कळ जण सांगतात, पण आम्ही त्यावर विसंबत नाही. घरची साडी वापरणार असाल तर एवढं नक्की करा, अस्तरही धुऊनच घ्या.

आत बकरम किंवा फ्युजिंग, म्हणजे कापड ताठ करणारा थर, का नाही, असंही विचारतात. बकरम घातला की चंची नवीन असताना ताठ आणि देखणी दिसते, पण रोज मिटून उघडून तो घडीवर मोडतो आणि वरचं कापड तिथेच झिजतं. जुन्या धोतरासारखा मऊ थर घडीला सोसतो. बकरम हवाच असेल तर वेगळा देऊ, पण आमचा सल्ला नको असाच आहे.

एखादा चौकोन खराब झाला तर जोडीचा दुसरा मिळेलच असं नाही. एका किटचे चौकोन एकाच गठ्ठ्यातले असतात आणि गठ्ठा संपला की तो रंग संपला. म्हणून प्रत्येक पाकिटात दोन चौकोन जास्तीचे घातलेले आहेत.

आत काय ठेवाल

सुया लोकरी फेल्टच्या पानातच टोचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की सुती गादीत टोचलेल्या सुया गंजतात. गंजलेली सुई कापडातून ओढली की डाग पडतो आणि तो निघत नाही. रिळं चंचीत मावत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन इंची तुकडे कापा, दोन्ही कडांना खाचा पाडा आणि त्यांवर दोरा गुंडाळा. पांढरा, काळा, खाकी, शाळेच्या गणवेशाचा निळा आणि तुमच्या घरात जास्त घातला जाणारा एखादा रंग, एवढे पुरतात. कात्री चार इंचीच घ्या, टोकाला टोपण असलेली. अंगुस्तान, टिचबटणं, दोन-चार सेफ्टी पिना आणि नाडी ओवायची एक पिन. फेल्टची सुटी पानं, दोऱ्याच्या तयार पट्ट्या आणि छोट्या कात्र्या दुकानात आहेत.

शनिवारी दुपारी ३ ते ६ दुकानातलं एक मशीन ग्राहकांसाठी मोकळं असतं, त्याचे पैसे नाहीत. चिकटपट्टी लावून, पहिली ओळ जोडून देऊ. येताना तीन पांढऱ्या पट्ट्या तुमच्याच मशीनवर शिवून, इस्त्री करून घेऊन या. त्या पाहिल्या की तुमच्या मशीनवर माया कुठे जाते ते आम्हाला लगेच सांगता येतं.