प्रीमियम पेट्रोल : गरज कुठून आली, कुठे संपली

साताऱ्यात महामार्गालगतच्या पंपावर गाडी लावली की झाकण उघडता उघडता विचारणा होते, "साधं की पॉवर?" पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला निघालेला माणूस पुष्कळदा "पॉवर टाका" म्हणून मोकळा होतो. लिटरमागे काही रुपये जास्त गेले तरी घाटात गाडी दमणार नाही, असं त्याला वाटतं. या समजामागे आधीच्या पिढ्यांचा खरा अनुभव आहे. मात्र ती इंजिनं आणि ते पेट्रोल आता राहिलेलं नाही.

मूळ दुखणं नॉकिंगचं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणावर प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला पसरत जाते. ती पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण उष्णतेनं आपोआप पेटलं, तर इंजिन खडखडतं. वरच्या गिअरमध्ये भरली गाडी चढावर रेटली की येणारा हा आवाज जुन्या ड्रायव्हरांना पाठ आहे. असं अवेळी पेटणं पेट्रोल किती टाळतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. तो आकडा ताकदीचा नाही. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, पण लिटरमागे त्यातली ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी असते.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिडग्ले यांना १९२१ मध्ये यावर एक स्वस्त उतारा सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळणं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेनं दगावले, तरी पुढे जगभर हेच पेट्रोल चाललं. जगातल्या पंपांवरून ते पूर्ण हटायला २०२१ उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत मिळू लागलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच आलं. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशानं निकामी होतो, हेही त्यामागचं एक कारण होतं. पेट्रोलमध्ये काहीतरी घातलं की इंजिन सुधारतं, या समजुतीचा उगम या शिशात आहे. किती पिढ्यांच्या रक्तात ते उतरलं, याचा विचार करवत नाही.

साताऱ्यात या समजुतीला दुसरंही एक कारण होतं. इथल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' तयार व्हायची. टू-स्ट्रोक स्कूटर, त्यामुळे पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालावंच लागे. ऑइल जरा जास्त झालं की प्लग काळाकुट्ट. रस्त्याकडेला स्कूटर उभी करायची, पान्यानं प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, गॅप बघायचा आणि पुन्हा किक. ज्यांनी हा कार्बन बोटांना लागलेला पाहिला, त्यांना 'इंजिन आतून साफ ठेवणारं पेट्रोल' पटणारच.

त्यात भेसळीची भर. रॉकेलचा ऑक्टेन फारच कमी, त्यामुळे ते मिसळलं की चांगली गाडीही ठोकायला लागे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. हा धंदा कोणत्या थराला गेला होता, हे त्या दिवशी उभ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २००२ च्या सुमारास तेल कंपन्यांची स्पीड, पॉवर अशी ब्रँडेड पेट्रोलं आली, तेव्हा अनेकांनी ती घेतली ती निदान माल शुद्ध असेल या भरवशावर.

मग साधं पेट्रोलच बदलत गेलं. भारत स्टेज म्हणजे धुराच्या प्रदूषणावरचे सरकारी निकष. त्यांच्या स्टेज दोनला पेट्रोलचा किमान ऑक्टेन ८८ होता, तीनपासून ९१ झाला. पेट्रोलमधलं गंधक स्टेज तीनच्या १५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत १५० भाग) एप्रिल २०२० मध्ये १० वर आलं. दुसरा मोठा बदल आपल्या उसातून आला आणि त्याच्या सुरुवातीत सांगली जिल्हाही होता, हे इथल्याही फार लोकांना माहीत नसतं. पाच टक्के इथेनॉलचं पेट्रोल प्रायोगिक तत्त्वावर विकायला २००१ मध्ये जी मोजकी ठिकाणं निवडली, त्यांत मिरज होतं. जानेवारी २००३ पासून ते नऊ राज्यांत गेलं आणि आता प्रमाण वीस टक्क्यांवर आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या सांगण्यानुसार इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५ आहे आणि वीस टक्के मिश्रणानं साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या घरात गेला आहे. एकेकाळी ज्यासाठी जादा पैसे मोजावे लागत, तो आकडा आता साध्या नळीतून येतो.

म्हणून ९१ ऑक्टेनवर चालणाऱ्या नेहमीच्या कारला महाग पेट्रोलानं जोर येत नाही. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनधारकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून पाहिलं. ताकद, मायलेज, धूर, कशातही नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. घाटासाठी तर मुळीच घालू नये, कारण उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ऑक्टेनची गरज उलट घटते. ज्या टर्बो कारच्या किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या मोटारसायकलच्या मॅन्युअलमध्ये ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलं आहे, तिचं वेगळं. तिथे कंजूषी नको.

प्रीमियम पेट्रोलमधलं डिटर्जंट इंजिन साफ ठेवतं, हा मुद्दा मात्र खरा आहे. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर थर साचतो आणि चांगलं डिटर्जंट तो धुतं. अमेरिकेत तर १९९५ पासून सगळ्याच पेट्रोलमध्ये ते सक्तीचं आहे. पण नव्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, हवा आत घेणाऱ्या झडपेला, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हला शिवतही नाही. तिथला कार्बन कुठल्याही पेट्रोलनं जात नाही.

दुकानात मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांपासून लांब राहावं. त्यांवर लिहिलेला एक 'पॉइंट' बहुधा ऑक्टेनचा एक दशांश असतो, आणि काहींतल्या मँगनीज किंवा लोखंडाच्या संयुगांचा थर प्लगवर आणि कन्व्हर्टरमध्ये बसतो. वीस टक्के इथेनॉलसाठी न बनवलेल्या, २०२३ च्या आधीच्या गाड्यांबद्दल लोकांना वाटणारी काळजी रास्त आहे, पण ती रबरी नळ्या, सील आणि टाकीत शिरणाऱ्या पाण्याची आहे. पाण्यामुळे इथेनॉल एकदा वेगळं होऊन तळाशी बसलं की बाटली ओतून ते परत मिसळत नाही, टाकी रिकामी करूनच काढावं लागतं. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर टाकी भरून झाकण घट्ट लावावं आणि नळ्या मेकॅनिककडून एकदा तपासून घ्याव्यात.