लाकडी बोटीच्या फटी भरायच्या आधी हे वाचा

मार्च संपला की आमच्याकडे एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. गॅरेजमधे जुनी लाकडी मोटरबोट आहे, रंग खरवडून झालाय, आणि आता फळ्यांच्या मधे फटी दिसायला लागल्यात, रुपयाचं नाणं आत जाईल एवढ्या, तर यात काय भरू? पाठोपाठ दुसरा प्रश्न, एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, सुकल्यावर कडक होणारा डिंक) किती लागेल, दोन किलो पुरेल का. आम्ही एपॉक्सी विकतो आणि चांगलं विकतो, तरी या कामासाठी बोट बघितल्याशिवाय देत नाही. काही लोकांना त्याचा राग येतो, ते साहजिक आहे, पैसे द्यायला तयार असताना दुकानदार नाही म्हणतो म्हणजे काय. म्हणून कारण सविस्तर लिहितोय. फोनवर ते पाच मिनिटांत सांगून होत नाही.

थोडक्यात सांगायचं तर फळ्यांच्या बोटीला उन्हाळ्यात पडलेली फट हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. लाकूड सुकलंय एवढंच.

पुण्यातल्या जुन्या घरांची सागवानी दारं सगळ्यांनी बघितलीत, मे महिन्यात कडी लावली तरी खडखडतात आणि जुलैत खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. बोटीच्या फळीचं अगदी तसंच. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं. चार इंच रुंदीची फळी पाण्यातून काढून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ठेवली की एक ते दोन मिलीमीटर आक्रसते, फळी कशी कापलीये त्यावर कमी-जास्त. आता बोटीच्या एका बाजूला अशा दहा फळ्या धरा आणि हिशोब करा. ती सगळी जागा फटींच्या रूपाने दिसते. बोट बांधणाऱ्याला हे माहीत होतं, त्याने ती बोट पाण्यात फुगून घट्ट बसावी अशीच बांधली होती.

आता त्या फटीत तुम्ही एपॉक्सी भरलं, किंवा एम-सील, किंवा कार्पेंटरने दिलेली लाकडाच्या भुश्याची लांबी, म्हणजे पुटी. मे महिन्यात काम एकदम सुंदर दिसतं, पॉलिश पेपर मारला की हात फिरवल्यावर जोड कळत नाही. मग पाऊस येतो, नाहीतर तुम्ही बोट पाण्यात टाकता, आणि फळ्या फुगायला लागतात. पण फुगायला जी जागा होती ती आता दगडासारख्या कडक मालाने भरलेली आहे. लाकूड फुगताना जो जोर लावतो तो फार मोठा असतो, पूर्वी खाणीत दगड फोडायला लाकडाच्या पाचरी ठोकून त्यावर पाणी ओतायचे ते याच जोरावर. मग फळ्या एकमेकींना ढकलतात, एकतर कडा चेपल्या जातात, नाहीतर स्क्रू उपटून येतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आतल्या फ्रेम, ज्यांना आपण बरगड्या म्हणतो, त्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या उन्हाळ्यात फळ्या परत आक्रसल्या की चेपलेली कड काही परत येत नाही, त्यामुळे एपॉक्सीच्या शेजारी नवी फट, आधीपेक्षा मोठी, आणि मग तीही भरायची इच्छा होते.

मागे बावधनहून एक बोट आली होती, सागवानी फळ्या, पंधरा-सोळा फुटी, मालकाने स्वतः अतिशय मेहनतीने दोन उन्हाळे काम केलेलं. तळाच्या सगळ्या फटी कडक एपॉक्सीने भरलेल्या. मागच्या सीटची फळी काढून टॉर्च मारला तर सलग तीन बरगड्या वळणाच्या जागी चिरलेल्या, आणि स्क्रूच्या डोक्यावरची लाकडी बुचं बाहेर ढकलली गेलेली, बोटाने चाचपली की टक टक लागायची. ते एपॉक्सी काढणं म्हणजे फटीफटीतून ऑसिलेटिंग कटरचं पातं चालवायचं, आणि हात जरा हलला की चांगली कड उडते, मग त्या कडेला सागवानाची पट्टी चिकटवून परत रंधा. फट नुसती सोडून दिली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. माणूस कष्टाळू होता, माल चांगला वापरला होता, फक्त क्रम चुकला. आमचा आणि गिऱ्हाईकाचा सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो, रोट म्हणजे कुजलेलं लाकूड काढण्यात नाही आणि इंजिनात तर नाहीच.

आधी तुमची बोट कुठली ते बघा

वरचं सगळं सुट्या फळ्यांच्या बोटीबद्दल आहे. तुमची प्लायवूडची असेल तर गोष्ट वेगळी. प्लायमधे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात त्यामुळे तो रुंदीत फारसा हलत नाही, तिथे जोडाला एपॉक्सी आणि ग्लास टेप (काचेच्या धाग्यांची पट्टी) हेच बरोबर, बिनधास्त करा. ओळखायचं कसं? पाणी काढायच्या भोकाशी किंवा मागच्या आडव्या फळीच्या कडेला रंग खरवडून बघा, थर दिसले की प्लाय. परदेशात १९५० च्या दशकात प्लायच्या किट बोटी भरपूर निघाल्या, क्रिस-क्राफ्टनेसुद्धा विकल्या, आणि तसल्या प्लॅनवरून आपल्याकडे हौशी लोकांनी बांधलेल्या बोटी अजून निघतात. बदलायचा प्लाय घ्यायचा असेल तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेलाच घ्या, त्याचा डिंक ७२ तास उकळून तपासतात. फर्निचरचा आयएस ३०३ घेऊन त्यावर मरीनचा रंग मारला म्हणून तो मरीन होत नाही.

थर नसतील तर आतून बघा. प्रत्येक जोडाच्या मागे लांबच्या लांब पट्टी असेल तर ती बॅटन-सीम बोट, पट्टी नसून नुसत्या बरगड्या असतील तर कार्व्हेल, आणि बाहेरून फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या असतील तर लॅपस्ट्रेक. लॅपस्ट्रेकच्या जोडात काहीही कोंबू नका, अगदी काहीही. कळत नसेल तर आतून आणि बाहेरून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, एवढं सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. फक्त फोटोत पट्टी किंवा मोजपट्टी ठेवा आणि लांबून पूर्ण बोटीचा एक फोटो हवाच, नुसत्या फटीच्या क्लोजअपवरून कोणालाच काही सांगता येत नाही.

मग करायचं काय

पहिलं काम आधाराचं. बोट ट्रेलरच्या दोन रोलरवर वर्षानुवर्षं बसलेली असते आणि तळ तेवढ्याच जागी आत गेलेला असतो. कीलखाली, म्हणजे तळाच्या मधल्या लांब कण्याखाली, दर तीन-चार फुटांवर लाकडी ठोकळे द्या, बाजूंना गादी लावलेले टेकू द्या, आणि कीलला दोरी ताणून ती सरळ आहे का बघा. हे झाल्याशिवाय एकही फळी सोडू नका, वाकलेल्या बोटीवर नवी फळी बसवली की तो वाक कायमचा होतो.

जागा सावलीची. सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग चालतं, बंगल्याचं बंद गॅरेज त्याहून बरं, पण पत्र्याच्या शेडमधे मे महिन्यात नको, तिथे लाकडाची भट्टी होते. आणि खालची जमीन ओली ठेवता आली तर उत्तम.

आता फुगवायचं. गोणपाट किंवा जुने टॉवेल स्वच्छ पाण्यात भिजवून आतून तळावर पसरा, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, वरून प्लॅस्टिक सैल टाका म्हणजे ओल टिकते. आठवडा-दोन आठवडे लागतात, घाई केली तर वरचा थर फुगतो आणि आतलं लाकूड कोरडंच राहतं. पाईप लावून बोट आतून भरू नका ही हात जोडून विनंती आहे, दरवर्षी कोणीतरी करतंच. बोट बाहेरचं पाणी पेलायला बांधलेली असते, आतलं नाही. सोळा फुटी बोटीत सहा इंच पाणी म्हणजे अर्धा टन वजन सहज, आणि ते सगळं फळ्यांना बरगड्यांपासून बाहेर ढकलतं. शिवाय गोडं पाणी कोपऱ्यांत साचून राहिलं की कुजायला तेवढंच पुरतं, खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजतं. त्यामुळे ओल धरायची, पाणी साचवायचं नाही, आणि काम झालं की हवा खेळती ठेवायची. फुगवत असताना लाकूड कुठे टोचलं तर मऊ लागतंय ते बघून खडूने खूण करा, तो रोट, आणि त्याचं काम वेगळं. कुजलेली फळी काढलीत तर तुकडे फेकू नका, त्यावरूनच आम्ही नवी कापतो.

एवढं केल्यावर बहुतेक फटी आपोआप मिटतात. ज्या उरतात त्या खऱ्या फटी, आणि तेव्हाच आमच्याकडे या. कार्व्हेल असेल तर फट साफ करून, प्रायमर लावून, त्यात कापसाची वात ठोकायची, ती फार घट्ट नाही, आणि वरून मऊ राहणारं सीम कंपाउंड, म्हणजे जोड भरायचा माल. ते कंपाउंड कडेपेक्षा जरासं खाली ठेवायचं, फळीशी सपाट नाही, कारण पाण्यात गेल्यावर ते दाबून बाहेर येणार आहे आणि त्याला यायला जागा पाहिजे. बॅटन-सीमला रबरासारखं राहणारं पॉलीयुरेथेन. वात ठोकायची छिन्नी आमच्याकडे भाड्याने मिळते, पहिल्या दोन-तीन फुटांना आमचा सुतार सोबत थांबतो. हात बसला की काम अवघड नाही, आणि आवाजावरून कळायला लागतं, वात बसत गेली की ठोका भरीव होतो.

हल्ली बरेच जण यूट्यूब बघून येतात आणि म्हणतात अमेरिकेत सगळे ५२०० ची ट्यूब (३एम कंपनीचा बोटींसाठीचा पॉलीयुरेथेन डिंक) वापरतात, बोट भिजवायची गरजच नाही. खरं आहे, वापरतात, आम्हीही वापरतो. पण नीट बघा, त्या व्हिडिओत त्या माणसाने जुना तळ पूर्ण काढलेला असतो, नव्या बरगड्या, नवा थर, त्यावर नव्या फळ्या, आणि प्रत्येक जोडात ती ट्यूब. काम त्या नव्या तळाने होतं. जुन्या सुकलेल्या फळ्यांच्या फटीत नुसती ट्यूब पिळून तो तळ तयार होत नाही. पूर्ण तळ बदलायचा असेल तर आम्ही ते काम करतो, त्याचा अंदाज बोट बघून देतो, आणि जिथे गरज नाही तिथे गरज नाही असंही सांगतो.

याच चुकीचा मोठा भाऊ म्हणजे फळ्यांच्या बोटीवर वरून फायबरग्लास चढवणं. स्वस्तात आणि दोन दिवसांत करून देतो असं सांगणारे भेटतात. पॉलिएस्टर रेझिन सागवानाला मुळात धड धरत नाही कारण सागवानात तेल असतं, आणि खालच्या फळ्या हलत राहतात, म्हणजे काच कुठेतरी चिरणारच. चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. अशी बोट वरून चकचकीत असते आणि आतून भुसा.

बाकीचं पटकन सांगतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका, ओला घासा किंवा खरवडा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. पाण्याखालच्या भागात पितळी स्क्रू नकोत, त्यातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू गुलाबी पडून ठिसूळ होतो. स्टेनलेससुद्धा ओल्या लाकडात हवा न मिळाल्याने आतून खाल्ला जातो. सिलिकॉन ब्रॉन्झ घ्या, बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात सहसा मिळत नाहीत, आम्ही ठेवतो आणि शंभरच्या पुड्यांतच घ्या असा आग्रह नाही, हवे तेवढे मोजून देतो. सागवान चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसा. वॉर्निश पावसाळ्यात नको, ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरं, सहा-सात हात द्या, आणि नुसतं क्लिअर एपॉक्सी उन्हात उघडं ठेवू नका, पिवळं पडून सुटतं.

आमच्या व्हिजिटचे पैसे लागतात याबद्दल विचारणा होते. तासभर बोटीखाली पडून, मॉइश्चर मीटर प्रत्येक फळीला लावून, प्रत्येक बाजूचे एक-दोन स्क्रू काढून बघायचे असतात, आणि त्यातून बऱ्याचदा निघतं की आत्ता काही घेऊच नका, भिजवा आणि थांबा. असं सांगायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो, म्हणून व्हिजिट फी. नंतर तुम्ही माल किंवा काम आमच्याकडे दिलंत तर ती बिलातून वजा होते. मीटर स्वतः वापरायचा असेल तर तोही डिपॉझिटवर आठवडाभर देतो, आकडे फळीवर खडूने लिहून तारीख टाका, आम्हाला त्याचा खूप उपयोग होतो.

आणि खडकवासला किंवा पानशेतला बोट टाकायचा विचार असेल तर पाटबंधारे खात्याकडे परवानगीचं आधी विचारा, बोट तयार झाल्यावर नाही.

वर्कशॉप गुरुवारी बंद. येताना फळीचा तुकडा, एक जुना स्क्रू आणि बोटीचे फोटो आणा. एप्रिल-मेमधे व्हिजिटची गर्दी असते, दिवाळीनंतर लगेच तारीख मिळते, आणि तसंही फळ्या बघायला तोच काळ चांगला, पावसाळ्याची ओल अजून पूर्ण गेलेली नसते त्यामुळे तेव्हा दिसणारी फट खरी असण्याची शक्यता जास्त.