सरासरी काढली की गावं गायब होतात

परवा एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं, कॅनडातल्या आदिवासी पोरांमध्ये आत्महत्या जास्त, "त्यांच्या रक्तातच असतं ते". रक्तबिक्त काही नाही हो. मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या प्रांतातल्या जवळपास २०० फर्स्ट नेशन्स (तिथल्या आदिवासींच्या) समुदायांचा १९८७ ते १९९२ चा डेटा समुदायवार मांडला आणि १९९८ ला पेपर छापला. एकूण दर भयानकच होता, पण निम्म्याहून जास्त समुदायांत तरुणांची एकही आत्महत्या नव्हती आणि थोड्या ठिकाणी आकडा आभाळाला भिडलेला. रक्तात असतं तर सगळीकडे नसतं का?

मग त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: जमिनीच्या हक्काचा लढा, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्र. हे समुदायाच्या स्वतःच्या हातात आहे की सरकारच्या? जितक्या गोष्टी हातात तितका दर कमी, सहाच्या सहा असतील तिथे शून्य. सगळ्यात जास्त फरक स्वशासनाने दिसला.

आता मला आवडलेला भाग. अग्निशमन दलाचा आणि पोराच्या मनाचा संबंध काय? चँडलर मुलांना विचारायचे, तू इतका बदललास तरी 'तोच' कसा? गोऱ्या मुलांचं उत्तर बहुतेक "आत काहीतरी तेच आहे" अशा धर्तीचं, फर्स्ट नेशन्सची मुलं बहुतेक गोष्ट सांगायची, आधी असं झालं म्हणून मग तसं झालं. आजीच्या गोधडीसारखं, तुकडे बदलत गेले पण कुठला कधी लागला हे सांगता येतं म्हणून ती आजीचीच. आणि आत्महत्येच्या धोक्यामुळे हॉस्पिटलात ठेवलेल्या मुलांपैकी बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तरच देता आलं नाही! म्हणजे कालचा मी आणि उद्याचा मी यांतला धागा तुटला की उद्याची काळजी कोण करणार, आणि ज्यांचा धागा गोष्टीचा असतो त्यांची गोष्ट येते आजीच्या भाषेतून, जमिनीतून, शाळेतून, आणि मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांनी (शेवटची बंद झाली १९९० च्या दशकात) नेमकं तेच कापलं.

हे सहसंबंध आहेत, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय काहीशे वस्तीच्या गावात पाच वर्षं शून्य हे नुसत्या योगायोगानेही येऊ शकतं, म्हणून एकेका गावापेक्षा सहा, पाच, चार गोष्टी हातात असलेल्या गावांची उतरंड बघायची. आणि लगेच "संस्कृती जपा" म्हणत ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, साहेबांसमोर पोरांचा नाच बसवू नका, यादीत नाच नव्हता, निर्णय कोण घेतं ते होतं.

२००७ मध्ये त्यांच्याच गटाने भाषा तपासली. जिथे निम्म्याहून जास्त लोकांना स्वतःच्या भाषेत साध्या गप्पा मारता येत होत्या, तिथे तरुणांच्या आत्महत्या अगदी कमी किंवा नव्हत्याच.